आठवड्याची सुट्टी : तोटा की बरकत?

आमच्या खानदेशातल्या दुकानांतून एक पाटी हळूहळू दिसेनाशी होत चालली आहे. गल्ल्याच्या वर, परवान्याच्या चौकटीशेजारी ती टांगलेली असायची : 'आठवडी सुट्टी, अमुक वार'. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे सक्तीचे होते. जळगावचे फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, सुट्टीच्या दिवशी अर्धे शटर वर करून गिऱ्हाईक आत घेणारे महाभाग तेव्हाही होतेच आणि इन्स्पेक्टर साहेब फेरीवर आल्याची खबर लागली की त्यांची जी धांदल उडायची ती बाजाराने पुष्कळदा पाहिली आहे. पण एकंदरीत बाजार बंद म्हणजे बंद.

२०१७ साली महाराष्ट्र सरकारने नवा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून तो लागू झाला. आता दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. अट अशी की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. बाजाराने यातला पहिला भाग मनापासून ऐकला. दुसरा भाग ऐकायला मात्र वेळ लागतो आहे. शिवाय छोट्या दुकानांना या कायद्याचा मोठा भाग लागूच होत नाही. म्हणजे दोन सेल्समन आणि एक पोऱ्या एवढ्या माणसांवर चालणाऱ्या दुकानात सुट्टी मालकाच्या मर्जीवर राहिली. आपल्या बिरादरीची बहुतेक दुकाने याच मापाची आहेत, हे सांगायला नको.

यात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुन्या कायद्याने नोकराला सुट्टी दिली तेव्हा मालकालाही आपोआप मिळत होती. शटर खाली आले की मालकही घरी. नव्या व्यवस्थेत नोकर पाळीपाळीने सुट्टी घेऊ शकतो, पण मालकाची पाळी कोणी लावायची? तो सकाळी दहाला गादीवर बसतो, रात्री दहाला उठतो आणि घरी गेल्यावर मोबाईलवर मालाचे फोटो, उधारीची आठवण आणि 'भाई, हा रंग आहे का' असल्या सवालांना जवाब देत बसतो. असे महिने निघून जातात. या माणसाला आपण मेहनती म्हणतो. मेहनती तो आहेच. पण त्याच्या दुकानातला माल बारकाईने पाहिला तर गेल्या वर्षीचेच रंग, गेल्या वर्षीचीच डिझाइन फिरून फिरून आलेली दिसतात. नवीन काही सुचायला डोके रिकामे लागते, आणि ते रिकामे व्हायला वारच उरलेला नाही.

धुळ्याहून आग्रा रोडने पन्नास किलोमीटरच्या आसपास गेले की मालेगाव. जिल्हा नाशिक, पण सोयरिक, बोली आणि मालाची ये-जा या हिशेबाने आम्ही धुळेकर त्याला परके मानत नाही. १८५७ च्या गदरानंतर उत्तरेकडून निघालेले मोमीन विणकर तिथे येऊन वसले, हातमागाचे पुढे लूम झाले आणि गावाने एक शिस्त धरली : जुम्म्याला लूम बंद. सहा दिवस, दोन पाळ्यांत, बारा-बारा तास खडखडाट करणारे गाव शुक्रवारी गप्प होते. आठवड्याची मजुरी हातात आणि दिवस मोकळा. नमाज झाली की सौदा-सुलूफ, चहा, गप्पा आणि सिनेमा. मालेगावच्या थिएटरांची शुक्रवारची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक काही सांगण्याची गरज नाही.

या मोकळ्या दिवसातून काय उभे राहिले ते साऱ्या दुनियेने पाहिले. नासिर शेख नावाचा एक तरुण तिथे व्हिडिओ पार्लर चालवत होता. त्याने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. कलाकार गावातलेच. घोडे परवडणारे नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल आणि वर उचलायला बैलगाडी! त्यानंतर 'मालेगाव का सुपरमॅन' बनत असताना फैझा अहमद खान यांनी त्या सगळ्या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो २००८ मध्ये तयार झाला आणि २०१२ मध्ये आपल्या देशातल्या चित्रपटगृहांत लागला. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा लूमवर काम करणारा बारीक अंगाचा बुनकर. तोंडाच्या कर्करोगाने तो २०११ साली वारला. रीमा कागती यांनी याच मंडळींवर काढलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे याच हवेतून निघालेल्या छोटू दादाचे खानदेशी विनोद यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले.

सिनेमा पाहावा की न पाहावा, हा ज्याचा त्याचा सवाल आहे आणि हे पान त्यासाठी नाही. मला इथे धंद्याच्या नजरेने एक गोष्ट दाखवायची आहे. त्या गावात शुक्रवारी लूम चालू राहिले असते तर पार्लरला प्रेक्षक मिळाला नसता, प्रेक्षक नसता तर पार्लरवाल्याच्या डोक्यात चित्रपट काढायचा विचार आला नसता. बारा तास धोट्याची ये-जा पाहणाऱ्या माणसाच्या अंगात अभिनय होता, गाणी होती, विनोद होता. तो बाहेर पडायला आठवड्यातला एक दिवस लागला. त्याच मालेगावात उर्दू मुशायऱ्यांची जुनी रीत आहे आणि दिवसा लूमवर, रात्री मुशायऱ्यात असे शायर तिथे नेहमीच राहिले.

आता एक खुलासा करणे जरूर आहे. आपल्यातले काही लोक समजतात की शुक्रवारी दिवसभर कामधंदा बंद ठेवणे हा दीनचा हुकूम आहे. सूरे जुमामध्ये अजान झाल्यावर खरेदी-विक्री सोडून नमाजकडे यायचा हुकूम आहे आणि नमाज आटोपल्यावर पुन्हा जमिनीवर पसरून रोजी शोधण्याची मोकळीकही लगेच पुढच्याच आयतीत आहे. दिवसभराची सुट्टी ही आपल्या बुजुर्गांनी त्यावर बसवलेली सामाजिक रीत. तेव्हा कोणी जुम्म्याच्या दुपारी तीन वाजता दुकान उघडले तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. मात्र गिऱ्हाईक समोर उभे असताना कात्री खाली ठेवून उठायचे, ही सवय त्या हुकुमाने आपल्याला लावली आहे, आणि दुकानदाराला यापेक्षा अवघड सवय नसते.

लूमच्या बाबतीत मात्र बोलताना जपून बोलले पाहिजे. बुनकर मीटरवर मजुरी घेतो. लूम बंद म्हणजे मजुरी बंद. जुम्म्याची सुट्टी त्याच्या खिशातून जाते, मालकाच्या नाही. त्याला 'जरा दम खा, तब्येतीला जप' म्हणणे म्हणजे भुकेल्याला हवापालट सुचवणे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना आठवडी सुट्टी बंधनकारक केली होती. आमच्याकडचे बरेच शेड त्या आकड्याच्या खालीच राहिले. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली तेव्हा लूम महिनोन्महिने बंद होते. गावात एवढी शांतता कोणी पाहिली नव्हती. पण त्या शांततेत कोणाला गाणे सुचल्याचे ऐकिवात नाही. घरात दाणा नसताना हातावर हात ठेवून बसणे याला विश्रांती म्हणत नाहीत. दोन्हींत फरक काय, तर एकात परवा पुन्हा काम आहे याची खात्री असते.

कारखानदारांना मी त्यांच्याच हिशेबाच्या भाषेत सांगतो. साध्या लूमवर ताण्याचा धागा तुटला तर लूम स्वतः थांबत नाही. बुनकराच्या नजरेला ते दिसले पाहिजे. एक माणूस एकाच वेळी अनेक लूम सांभाळतो, शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर, रात्रपाळीचा दहावा तास. धागा तुटतो, त्याला दिसत नाही आणि कापडात उभी रेघ पडत जाते. कांडी संपते, आडवी फट राहते. मग तो ताका आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या टेबलावर उलगडला जातो आणि फ्रेशचा सेकंड होतो. प्रत्येक मीटरला जे काही पैसे कापले जातात ते शेवटच्या दोन तासांत वाचवलेल्या मजुरीपेक्षा जास्त असतात की कमी, हा हिशेब कोणीही आपल्या वहीत महिनाभर मांडून पाहावा. पाळीनिहाय सेकंड मालाची नोंद ठेवली की पुरे. मी ज्यांना हे करायला सांगितले त्यातल्या एका चोवीस लूमवाल्या दोस्ताने नोंद ठेवली आणि रात्रीच्या पाळीत मधे अर्धा तास लूम थांबवून चहा-खाण्याची सुट्टी सुरू केली, त्या अर्ध्या तासाची मजुरी धरून. गेल्या दोन वर्षांत त्याने ती बंद केलेली नाही. तो खैरात करणाऱ्यातला नाही, हे धुळ्यात सर्वांना ठाऊक आहे.

तसे पाहिले तर लूमला आपण थांबवतोच. जुम्म्याला जॉबर येतो, तेलपाणी करतो, घासलेला पट्टा बदलतो, सैल नट आवळतो. लोखंडाला ही सवलत आहे.

कारागिरांमध्ये या बाबतीत सर्वांत शहाणा कोण विचाराल तर मी दर्जीचे नाव घेईन. रमजानचे दिवस जवळ आले की नामांकित टेलरच्या दारावर 'ऑर्डर बंद' अशी पाटी लागते. लागते म्हणजे लावावी लागते. काही उस्ताद तर शाबान संपायच्या आतच लावतात. समोर कापड घेऊन माणूस उभा आहे, जादा शिलाई द्यायला तयार आहे, मालक नाही म्हणतो. का? कारण त्याला आपल्या हाताची ताकद माहीत आहे. तीन मशीनवर चांदरातपर्यंत किती जोड निघतील याचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का असतो. त्यापुढचा एक जोड घेतला की सगळ्याच जोडांच्या बाह्या वाकड्या होतात, आणि ईदच्या सकाळी नमाजला जाताना ज्याचा गळा बसत नाही ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत जाते. जे लावत नाहीत त्यांच्या दुकानी सत्ताविसाव्या रोज्याला काय तमाशा चालतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. माझ्या मते 'ऑर्डर बंद'ची पाटी ही उस्तादाची सनद आहे. दुर्दैवाने कापड दुकानदाराकडे अशी पाटी नाही.

त्याच रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते, तिचे नवल आता कोणाला वाटत नाही. शेवटचा अशरा म्हणजे आपल्या कापड, चप्पल, अत्तर, कटलरीवाल्यांचा वर्षातला सर्वांत मोठा गल्ला. नेमक्या त्या दहा दिवसांत प्रत्येक मोहल्ल्यातला कोणी ना कोणी दुकानदार बिस्तर गुंडाळून मशिदीत एतिकाफला बसतो. दुकान भाऊ पाहतो, मुलगा पाहतो किंवा मुनीम. बसणाऱ्याची नीयत इबादतीची असते, धंद्याची नव्हे, आणि ती तशीच राहावी. परंतु बाजारातल्या माणसाने हेही पाहावे की असे दुकान बुडालेले नाही. उलट दहा दिवस बाप जागेवर नसल्यामुळे पहिल्यांदा मुलाच्या हातात किल्ल्या येतात. वीस वर्षांच्या मुलाला खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यातले अंतर त्या दहा दिवसांत जेवढे समजते तेवढे वर्षभर बापाशेजारी बसून समजत नाही.

उन्हाळ्याच्या दुपारींबद्दल थोडे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रे फिरत नाही, पण दुकाने उघडी, पंखे चालू, सेल्समन थानांवर डोके ठेवून पेंगत असतात आणि मालक गल्ल्यावर. जुने लोक या वेळी घरी जाऊन जेवायचे आणि कैलुला करायचे. पाचनंतर ताजे होऊन बसायचे, कारण उन्हाळ्यातले गिऱ्हाईक पाचनंतरच निघते. हे तीन तास उघडे राहून काय विकले जाते, याची पावतीबुके काढून पाहा. लग्नसराईतले खेड्यावरचे गिऱ्हाईक सकाळच्या एसटीने येते आणि दुपारी निघून जाते, हा अपवाद मला मान्य आहे. त्या दिवसांत अर्धे दुकान जागे ठेवावे.

शेतकऱ्याकडे तरी पाहावे. आमच्या खानदेशात आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात, आराम करतात. सालदाराचे सालही आखाजीला बदलते. पेरणीच्या आधी सर्वांनी एकदा थांबून घ्यायचे, अशी ती मांडणी आहे. कापडवाल्याला आणि मणियाराला आखाजीचा धंदा चांगलाच ठाऊक आहे. पोळ्याला तर बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव आता विद्यापीठाला आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे काम करताना त्या ओव्या रचीत आणि घरातल्या मुलांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या वारल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आराम नसतानाही काव्य झाले, असे यावर कोणी म्हणेल. पण जात्याची गती बाईच्या हाताची होती. श्वास घ्यायचा तेव्हा जाते थांबायचे. हातमागाचेही तसेच होते. कबीर विणकर होते हे उगाच नाही. लूमवर गती मोटारीची असते आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी कानाशी ओरडावे लागते. तिथे मन मोकळे राहत नाही, म्हणून तिथल्या माणसाला मोकळा दिवसच वेगळा काढून द्यावा लागतो.

व्यापाऱ्याच्या खरेदीलाही हे लागू आहे. आमच्याकडचे बरेच जण सुरतला जातात ते रात्रीच्या गाडीने. सकाळी उतरायचे, तोंड धुऊन मार्केटात शिरायचे, वीस-पंचवीस दुकाने पालथी घालायची आणि त्याच रात्री परत. भाडे आणि लॉजचा खर्च वाचला म्हणून खूष. पण दुपारनंतर डोळा मरतो. रंग सारखेच दिसायला लागतात, दलाल जे पुढे टाकील त्याला आपण मान हलवतो. मी पंधरा वर्षांपासून सुरतला एक मुक्काम करतो. पहिल्या दिवशी फक्त पाहायचे, चिठ्ठीवर नंबर टिपायचे, सौदा नाही. रात्री झोपायचे. सकाळी चिठ्ठीतले निम्मे नंबर आपोआप गळून पडतात. लॉजचे पैसे जातात, पण सीझनच्या शेवटी पडून राहणारा माल कमी असतो.

मोबाईलबद्दल तरुण मंडळी म्हणतील, चाचा, रात्री अकराला ऑर्डर नाही घेतली तर ती ऑनलाइनवाल्याकडे जाईल. काही ऑर्डरी जातील. परंतु ऑनलाइनवाल्याशी जागरणात बरोबरी करून आपण जिंकणार नाही, तिकडे मशीन जागते. आपल्याकडे हात लावून कापड सांगणारा माणूस आहे आणि गिऱ्हाईक त्याच्यासाठी येते. इशाची नमाज झाल्यावर फोन घरच्या ताकात ठेवून देणारे दोन-तीन तरुण दुकानदार मला जळगावात माहीत आहेत. त्यांनी व्हॉट्सॲपवरच लिहून ठेवले आहे की उत्तर सकाळी दहानंतर मिळेल. गिऱ्हाईक थांबते.

आता मुद्द्याचा सवाल वाराचा. मालेगावचे काम सोपे आहे, तिथे सर्वांचा जुम्मा. धुळे-जळगावच्या मिश्र बाजारात शेजारच्या शेटजींची सुट्टी एका वारी, आपली दुसऱ्या वारी, आणि दोघांच्या मधे बसलेला तिसरा दोन्ही दिवस उघडा राहून मलई खातो. त्यामुळे एकट्याने शटर ओढायची हिंमत होत नाही, ही अडचण खरी आहे. पूर्वी हा निकाल कायदा लावत होता, आता तो बाजारालाच लावावा लागेल. माझी सूचना अशी की कापड व्यापारी संघटनांनी लग्नसराई सुरू होण्याआधी एक बैठक घ्यावी, सर्व समाजांच्या दुकानदारांना बोलवावे आणि गल्लीनिहाय एक वार ठरवावा. शुक्रवार असो, रविवार असो की आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचा वार. रमजानचा महिना, दिवाळीचे पंधरा दिवस आणि लग्नाच्या दाट तिथी यातून वगळाव्यात. त्या दिवसांत जे सेल्समन सुट्टीशिवाय राबतील त्यांना तेवढ्या सुट्ट्या नंतर पगारी द्याव्यात, आणि हे तोंडी न ठेवता वहीत लिहावे. लूम मालकांची बैठक वेगळी घ्यावी लागेल, कारण तिथे आधी मीटरच्या दरावर बोलावे लागते आणि त्यावर बोलायला सुरुवात झाली की चहा थंड होईपर्यंत कोणी दुसरा विषय काढू देत नाही.